बारीक आच

आमच्या फ्लॅटमधल्या गॅसला बारीक होणं माहीतच नव्हतं. सौदीत, धाहरानच्या बाहेर, कंपनीने आम्हा तिघांना एक जुना फ्लॅट दिला होता, आणि त्यात आधीच्या लोकांनी टाकून दिलेली चार बर्नरची शेगडी होती. नॉब पार शेवटापर्यंत फिरवला तरी ज्योत भांड्याच्या कडेने वर यायची. दूध उतू जायचं, भात खाली लागायचा, न करपलेलं वरण कसं लागतं ते आम्ही विसरलो होतो. त्यावर आमचा उपाय म्हणजे तवा. बर्नरवर तवा, तव्यावर भांडं. तिघेही हुन्नरी माणसं: चाचा पाइप फिटर, दुसरा सांगलीकडचा वेल्डर, आणि मी दिवसभर प्लांटमधले व्हॉल्व्ह लावणारा टेक्निशियन. पण घरी आल्यावर पान्याला हात लावायचा नाही, असा तिघांचाही बाणा होता. तवा काळा ठिक्कर पडला, तरी कोणी शेगडी उघडून पाहिली नाही.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे, आमच्यात वयाने मोठे. वेळेवर नमाज, वेळेवर चहा, आणि मधल्या वेळात आम्हाला टोमणे. स्वयंपाक तेच करायचे, कारण आमच्या हातचं खाण्यापेक्षा उपाशी झोपलेलं बरं असं त्यांचं मत होतं.

आई गेल्याचा फोन मला ड्युटीवर आला. भाऊ बोलत होता. "दुपारी गेली रे. मी औषध आणायला बाजारात गेलो होतो, ही विहिरीवर होती. परत येऊन बघतोय तर... जवळ कोणी नव्हतं."

"बरं," मी म्हणालो.

लाइन कट झाली असं वाटून तो हॅलो हॅलो करत राहिला. मी पुन्हा एकदा बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि हातातला प्रेशर गेज लावून पुरा केला. नीट लावला. नंतर तपासणाऱ्याने त्यात काही खोट काढली नाही.

प्लांटचा शटडाऊन चालू होता, म्हणजे प्लांट थांबवून रात्रंदिवस दुरुस्ती; कोणालाच सुट्टी नाही. पासपोर्ट कंपनीकडे. सुपरवायझर माणूस वाईट नव्हता, त्याने खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, शटडाऊन खलास झाला की पहिली सुट्टी तुझी. एरवी बसमधल्या जागेवरून रोज भांडणारा मी. त्या दिवशी मान हलवून बाहेर आलो. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की आपण गालाला बोट लावून बघतो, तसं मी दिवसभर स्वतःला लावून बघत होतो. काही कळत नव्हतं. रडू येईना याची लाजसुद्धा वाटेना.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. तो विझू द्यायचा नाही. घरातलं कोणी ना कोणी जवळ बसतं, वात सारतं, तेल घालतं. गावी भावाने ठेवला होताच. तरी मला इथेही हवा होता. मी काही मोठा देवभक्त नव्हे. पण "जवळ कोणी नव्हतं" हे भावाचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. निदान दिव्याजवळ तरी बसता आलं असतं.

पण मागे कोणाची तरी गादी जळाली होती, तेव्हापासून कंपनीने खोलीत दिवा, मेणबत्ती, उदबत्ती सगळ्याला बंदी घातली होती. पकडलं तर थेट घरी पाठवायचे, तेही कायमचं.

"दिवा म्हणजे काय, आगच ना?" चाचा म्हणाले. "मग ती किचनात आहे की. गॅस पेटवून ठेव. त्याला कोण विचारतंय?"

"एवढी मोठी ज्योत? दोन दिवसांत सिलिंडर संपेल."

"मग बारीक कर. दिवसभर व्हॉल्व्हच लावतोस ना रे? का कंपनीला फसवून पगार खातोस?"

मी मागच्या डाव्या बर्नरचा नॉब उपसून काढला. आतल्या दांडीशेजारी एक छोटा पितळी स्क्रू होता. नॉब अगदी बारीक केला तरी एका वेगळ्या भोकातून थोडा गॅस जात राहतो. ते भोक किती उघडं ठेवायचं हे तो स्क्रू ठरवतो. आमचा स्क्रू कोणीतरी पुरता सैल सोडला होता, आणि वर वर्षानुवर्षांचं तेल साचून तो जागीच जाम झाला होता. गंज सोडवायचा स्प्रे मारला, थांबलो. मग बर्नर पेटवून बारीक केला आणि पातळ स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जरा जरा आत घेत गेलो. ज्योत बसत गेली. शेवटी निळ्या मण्यांची एक माळ तेवढी राहिली. आणखी जरासा फिरवला तर विझली. तेवढाच मागे घेतला. मग नॉब मोठ्यावरून झटकन बारीकवर आणून पाहिला. दार धाडकन लावून पाहिलं. माळ हलली, पण विझली नाही. काम चांगलं झालं होतं, आणि ते मला नेहमीसारखंच कळत होतं. बाकी काहीच कळत नव्हतं.

त्या महिन्यात चाचांना रात्रपाळी होती, आम्हा दोघांना दिवसाची. त्यामुळे घरात कोणीतरी असायचंच. सकाळी चाचा जिना चढून वर येईपर्यंत वेल्डर दारात थांबायचा, आणि खाली बसवाल्याच्या शिव्या खायचा. खिडकी कायम उघडी. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते हे चाचांना सांगावं लागलं नाही. ते हॉटेलातून खुब्जच्या अरबी रोट्या आणि भात आणायचे. वेल्डरने एकदा सवयीने चहाचं आधण नेमकं त्याच बर्नरवर ठेवलं. चाचांनी त्याचा उद्धार केला, आणि मग मलाच म्हणाले, "माझी आय गेली तेव्हा मी जहाजावर होतो. मला तर महिन्याने कळलं."

ड्युटीवरून आलो की मी स्टूल घेऊन शेगडीसमोर बसायचो. आईशी बोललो वगैरे काही नाही. नुसता बसायचो.

दहाव्या दिवशी भावाचा फोन आला. पिंडाला कावळा शिवला म्हणाला. मी बरं म्हणालो. आता गॅस बंद करायला हरकत नव्हती. पण असा दिवा आपण होऊन विझवायचा नाही, तेल संपलं की तो आपसूक जातो, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून म्हटलं, गॅस संपेपर्यंत राहू दे.

तो संपेना. ज्योत मी इतकी बारीक बसवली होती की सिलिंडरला काही कळतच नसावं. ड्युटीवर जाताना चालू, आल्यावर चालू. दिवा आहे तोवर घरात स्वयंपाक नाही; हॉटेलचा भात खाऊन वेल्डरचं पोट बिघडलं, तरी तो बिचारा काही बोलला नाही. मी जेवणाचं ताट समोर ठेवून शेगडीकडे बघत राहायचो आणि ताट तसंच उचलायचो. नॉबपर्यंत हात न्यायची हिंमत होत नव्हती. आपल्या हाताने बंद केला म्हणजे आपल्या हाताने संपवलं, असं काहीतरी मनाने घेतलं होतं.

शुक्रवारी सुट्टी. वेल्डरबरोबर बाजारात जाऊन संध्याकाळी आलो, तर शेगडी थंड होती. चाचा ओट्याशी कांदा चिरत होते.

"गॅस संपला," ते म्हणाले. "असरची नमाज पढून येऊन बसलो होतो. हळूहळू गेली. मी समोरच होतो रे, शेवटपर्यंत. एकटी नव्हती ती."

मी पिशवी खाली ठेवली. सिलिंडर बदलायला वाकलो, रेग्युलेटर काढला, आणि रिकामं सिलिंडर उचलायचं म्हणून एका हाताने ओढलं. ते जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी उचललं तेव्हा आत गॅस डचमळला. अर्ध्याच्या वर भरलेलं होतं.

चाचांनी वर पाहिलं नाही. त्यांची सुरी चालत होती. मला जे जमत नव्हतं ते त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, आणि करताना तिथे बसून राहिले होते.

मी ते जड सिलिंडर रिकाम्यासारखं बाहेर नेऊन ठेवलं. बाल्कनीतलं नवं आणलं, जोडलं, साबणाच्या पाण्याने गळती तपासली. आणि मग तिथेच, शेगडीखाली फरशीवर बसलो, आणि मला रडू कोसळलं. किती वेळ ते माहीत नाही. आई गेली हे मला तेव्हा कळलं.

वेल्डर दाराशी येऊन परत गेला. चाचा कांदा चिरतच राहिले.

"रड," ते म्हणाले. "मी आहे इथे."