हलकं वावर

आमच्या शेंदूरजनाघाटला सुंदराबाई कोण म्हणून विचारलं तर लोक आधी तिचा दात सांगतील. वरचा, अगदी समोरचा. तो जागेवर नाही. तो तिच्या सख्ख्या भावाने, खुशालरावने, कोपराच्या एका टोल्यात पाडला, भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, बाप खाटेवर बसून बघत असताना. मार खाणाऱ्या बाया गावात पुष्कळ आहेत, मी काही नवीन सांगत नाही. पण पडलेला दात धुळीतून उचलून, पदराला पुसून बापाच्या तळहातावर ठेवणारी मी एकच पाहिली.

मी हमिदा. माझं वावर आणि तिचं वावर एका धुऱ्याला लागून आहे. वऱ्हाडात धुऱ्यावरून डोकी फुटतात, पण आमच्या दोघींमधला हा बांध कधी बोटभरही सरकला नाही. ते माझ्या चांगुलपणावर घालू नका. सुंदराबाईशी भांडण्याची माझी छाती नव्हती, एवढंच.

कारण ती काही गरीब गाय नव्हती. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा त्याच्या डोक्यात पितळी तांब्या घालून ती माहेरी आली, आणि येताना तांब्याही घेऊन आली. त्याला पोचा पडलेला आहे. अजून ती त्याच तांब्याने पाणी पिते.

माहेरी खुशालराव होता. हा माणूस बैलाला मारायचा, बायकोला मारायचा, विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही तर तिलाही लाथ घालायचा. देवाने हात जेवायला दिलेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बहीण घरी येऊन बसल्यावर त्याने एकच धोशा लावला, हक्कसोड करून दे. म्हणजे बापाच्या जमिनीत माझं काही नाही, असा अंगठा दे आणि मग सुखाने भाकर खा.

"भाकर कमावून खाईन," ती म्हणाली. "अंगठा देत नाई." त्यावर तो कोपर बसला.

किसनराव, म्हणजे या दोघांचा बाप, जन्मभर पोराच्या बाजूचा. पण लेकीचा रक्ताळलेला दात हातावर आल्यावर म्हाताऱ्याच्या आत काय हललं कोण जाणे. संध्याकाळी त्याने पंच बोलावले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "भारी पोराले, हलकं पोरीले. आता कोनी तोंड उघडायचं नाई."

भारी म्हणजे नाल्याकाठचं काळं वावर. उन्हाळ्यात त्याच्या भेगांत पाय जाईल इतकं खोल. आणि हलकं म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं बरड. तिथे नांगर घातला की फाळ दगडावर वाजायचा, म्हणून कोणी घालतच नव्हतं. खुशालराव त्या दिवशी दात काढून हसला. त्याचे सगळे होते. "भारी मानसाले भारी वावर, हलकीले हलकं," असं तो चार दिवस गावभर बोलत फिरला.

वाटणी तोंडीच झाली. सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्याचंच राहिलं. पुढे म्हातारा गेला, पंचही एकेक करून गेले. ते शब्द ऐकणारा, आणि ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे असा, एकटा खुशालराव उरला. मीही ऐकलं होतं, पण शेजारणीची साक्ष कोण धरतो? सुंदराबाईचं वावर भावाच्या जिभेवर टेकलेलं होतं. तो "हो" म्हणेल तोवर तिचं, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तरी तिने वर्षानुवर्षं ते बरड वेचलं. सब्बलीने दगड उखडायचे, डोक्यावरून वाहायचे, कडेला रचायचे. मग संत्र्याची कलमं लावली. खुशालराव मागे राहतो थोडाच, त्यानेही काळ्या वावरात बाग उभी केली. दोन-तीन वर्षं पाऊस दांडगा झाला आणि त्याच्या झाडांना डिंक्या लागला. बुडातून डिंक गळायचा, साल कुजायची, पानं पिवळी पडून झाड उभ्याउभ्या मरायचं. वर डोंगराकडे बहिणीची झाडं फळाने वाकलेली.

एके दिवशी त्याने आपली मेलेली झाडं तोडली. परत जाताना कुऱ्हाड हातात होतीच, मग बहिणीची कडेची जिवंत रांगही तोडली. दुसऱ्या दिवशी सुंदराबाईने त्याच्या ट्रॅक्टरचे दिवे सब्बलीने फोडले. त्याने तिला ओल्या दोराने झोडपलं. तिने त्याचा कान चावला, तो अजून वरून फाटका आहे. मी मध्ये पडायला जायची आणि दोघंही मलाच शिव्या द्यायची.

आणि एवढं होऊन ही बाई दर भाऊबीजेला तबक घेऊन त्याला ओवाळायला जायची. दात पडला त्या वर्षीही गेली. माझं डोकं फिरायचं.

"काहून जाता वं तुमी त्याच्या दारी?" मी एकदा विचारलं.

"वर्षातून एक दिवस थो माह्यासमोर पाटावर गुमान बसते," ती म्हणाली. "मी थो दिवस काहून सोडू?"

मग जमिनीची पाहणी करणारी माणसं अकोल्याकडून आली. त्यांच्यात करिश्मा नावाची तरुण मुलगी होती. कोणत्या वावरात कोणतं पीक चांगलं येईल ते ठरवून तिला गावातल्या जमिनींची प्रत लावायची होती. तिने वावरा-वावरांत पुरुषभर खोल खड्डे खणून घेतले. एका बाजूला उतरायला पायऱ्या ठेवल्या, समोरची भिंत सरळ तासली. मग आत उतरून ती थर बघायची, माती ओली करून बोटांमध्ये वळायची, ॲसिडचा थेंब टाकून ती फसफसते का पाहायची. सुंदराबाईच्या खड्ड्यात वर कमरेइतकी तांबूस माती निघाली आणि खाली मऊ, फुटका मुरूम. संत्र्याच्या मुळ्या त्या फटींतून खोल गेलेल्या मला स्वतःला दिसल्या. खुशालरावच्या खड्ड्यात वरपासून खालपर्यंत काळं. खालचा थर चिलमीसारखा गुळगुळीत आणि चिवट.

ग्रामपंचायतीत सगळ्यांना बसवून करिश्माने सांगितलं, "संत्र्यासाठी सुंदराबाईंची जमीन गावात सगळ्यात चांगली. पहिली प्रत. खुशालरावांची संत्र्याला नाही चालणार. पाणी निचरत नाही, मुळं कुजतात. तिथे कपाशी घ्या, तूर घ्या, त्याला तुमच्यासारखी जमीन नाही."

कपाशीचं कोणी ऐकलंच नाही. लोक त्याआधीच हसायला लागले होते. मीही हसले, आणि खोटं कशाला सांगू, अजून आठवलं की हसू येतं. खुशालराव उठला तेव्हा त्याचा फाटका कान लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बरडावर हजर.

"सुंदरे, आबानं काय म्हटलं होतं? भारी पोराले. भारी म्हंजे चांगलं. आता सरकारच्या मानसानं सांगतलं चांगलं कोनतं थे. हे वावर माहं. तू जाय नाल्याकाठी."

"आबानं भारी म्हटलं, चांगलं नाई म्हटलं," सुंदराबाई म्हणाली. "भारी म्हंजे भारी. इस्वास नसन तं एक ढेकूळ इथचं उचल अन् एक तिथचं उचल."

त्याने ढेकूळ उचललं, आणि ते तिच्या कपाळावर बसलं.

गावात मग हाच वाद पेटला. भारी म्हणजे वजनाला भारी की प्रतीला भारी? म्हातारा असता तर त्याला विचारलं असतं. खुशालराव दारोदार सांगत सुटला की वाटणीत चांगलं वावर मला आलेलं आहे आणि बहिणीने ते बळकावलं आहे. चोराच्या उलट्या बोंबा. पण त्याचं ऐकून मान डोलावणारे वाढत चालले होते. पोराला चांगलं आणि पोरीला उरलंसुरलं, हे गावाला लगेच पटतं.

आपली जमीन वाईट आहे हे मात्र त्याला सोसत नव्हतं. करिश्माच्या माणसांना त्याने खड्डा बुजवू दिला नाही. पुन्हा या, पुन्हा बघा, म्हणाला. खड्डा तसाच उघडा राहिला, पावसाळा लागला, आणि आठवडाभर झड लागून राहिली.

झड उघडली त्या दिवशी मी माझ्या वावरात होते. आरडाओरडा ऐकून वर पाहिलं तर खुशालराव बहिणीला केसाला धरून चिखलातून खाली ओढत नेत होता. ती त्याच्या हाताला नखं लावत होती. मी चपला सोडून धावले. त्याने तिला त्या काळ्या वावरातल्या खड्ड्याच्या काठावर उभं केलं.

"पाह्य आत. कुठी कुजली माती? दाखव मले."

सुंदराबाईने वाकून पाहिलं. तळाशी गुडघाभर पाणी. "पानी अजून उभं हाय, दादा. पोट्टी खोटं नाई बोलली."

त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. ती आत तोंडावर पडली. काठावर खणलेल्या मातीचा ढीग होता, त्यात फावडं रुतलेलं होतं. ते उपसून तो तिच्यावर माती लोटायला लागला. "मंग इथंच राय. घे माती. घे."

मी दगड उचलून मारला, तो त्याच्या पाठीला लागला. त्याने वळून माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी चिखलात बसले. त्या कानाने मला आज काही ऐकू येत नाही. पुन्हा वळून त्याने काठावर पाय रोवला आणि फावडं भरून उचललं, आणि काठच गेला. आठवडाभर पाणी प्यालेली ती काळी भिंत त्याच्यासकट खाली आली. आवाजही फार झाला नाही.

मी रांगत काठाशी गेले. सुंदराबाई पायऱ्यांकडे फेकली गेली होती, ती चिखलाने माखून वर आली. खुशालराव उभाच गाडला गेला होता, गळ्यापर्यंत, दोन्ही हात आत. तोंड तेवढं वर. श्वास सोडला की माती आणखी आवळायची, पुन्हा भरायला जागा उरायची नाही. त्याचे ओठ निळे पडत होते आणि तरी तो बहिणीला आईवरून शिव्या देत होता.

त्याच्याबरोबर खाली आलेलं फावडं आता सुंदराबाईच्या हातात होतं. तिने ते डोक्यावर उचललं.

मी म्हणाले, "मारा." होय, मी म्हणाले. मला तो मेलेला हवा होता.

तिने फावडं खाली घेतलं. "मेला तं वाटनी कोन कबूल करीन?" ती म्हणाली. "याचे पोट्टे याच्याहून हरामी हायेत." आणि ती उकरायला लागली.

ती माती भारी होती, खरंच भारी. फावड्याला चिकटायची, झाडल्याशिवाय सुटायची नाही. शेवटी तिने फावडं बाजूला ठेवून हातांनी काढली, नखं उलटली तरी काढली. मी गावात फोन लावले, मग मीही उतरले. त्याच्या छातीला जरा मोकळीक मिळाली. उजवा खांदा सुटला, मग कोपर, मग पंजा.

पंजा सुटला तसा त्याने तिचा गळा धरला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ छातीपर्यंत पुरला होता. मी त्याची बोटं ओढत होते, सुटत नव्हती. सुंदराबाईचे डोळे पांढरे झाले. तिने मागे चाचपडून फावडं धरलं आणि पात्याच्या पाठीने त्याच्या मनगटावर घातलं. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. बोटं गळून पडली. ती थोडा वेळ खोकली, रक्त थुंकली, आणि पुन्हा उकरायला लागली.

गावकरी आले तेव्हा तो कमरेपर्यंत मोकळा झाला होता. त्यांनी त्याला ओढून काढलं. बरगड्या मोडल्या होत्या, अमरावतीला न्यावं लागलं.

त्याच्या पोराने, शेखरने, ठाण्यात तक्रार दिली, ती बापाचा हात मोडल्याची. जमादार येऊन सुंदराबाईच्या दारात बसला. तिचा गळा अजून काळानिळा होता.

"बाई, ज्याले वाचवून राहिल्या होत्या त्याचाच हात काहून तोडला?"

"थो हात तसाच ठेवला असता," ती म्हणाली, "तं बाकीचा मानूस निंगू देला नसता त्यानं."

जमादाराने पाणी मागितलं. तिने पोचा पडलेल्या तांब्यातून दिलं.

दिवाळी आली. भाऊबीजेला तिने माझ्या दारात येऊन हाक मारली, "हमिदाबी, चाला. भावाकडे जायचं हाय."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण गेले. वाटेत ती म्हणाली, "तुमी त्याच्या डाव्या अंगाले बसा. म्हंजे तुमचा चांगला कान त्याच्याकडे राहीन."

घरात सगळे होते. शेखर दाराला टेकून उभा होता, शेजारची माणसं ओसरीवर. इतकी गर्दी त्या घरात भाऊबीजेला मी कधी पाहिली नाही. खुशालरावला धरून पाटावर बसवलं. त्याचं मनगट वाकडं जुळलं होतं, उजवी मूठ आता मिटत नव्हती. सुंदराबाईने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, आणि तबक तसंच पुढे धरून ठेवलं.

"ओवाळनी घाल, दादा."

तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. तिथे अजून त्याच्या चार नखांचे वण होते. आपल्या न मिटणाऱ्या हाताकडे पाहिलं. शेखर म्हणाला, "बाबा, काही बोलू नोका."

"बरड तुहं," खुशालराव म्हणाला. आवाज खरखरीत होता, पण ओसरीपर्यंत गेला. "हलकं हाय थे. हलकं पोरीले. आबानं म्हटलं होतं."

सुंदराबाई हसली, दाताचं खिंडार दाखवत.

"हलकंच हाय, दादा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "ऐकलं नं, हमिदाबी?"

ऐकलं. चांगल्या कानाने ऐकलं.