पिठाची माशी

एर्मेलिंदाच्या कामाची सान हेर्वासियो गावात भारी थट्टा व्हायची. कॉफीच्या मळ्यांतून, ओढ्याकाठून बारीक काळ्या माश्या पकडून आरोग्य केंद्रात आणल्या जायच्या आणि ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांची जात ओळखायची. "काय गं, आज कुणाची सोयरीक जुळवलीस?" असं बाजारातल्या बायका विचारायच्या. तीही हसायची.

घरात मात्र हा विषय निघत नसे. तिचे वडील, डॉन कासिमिरो, तरुणपणी ओढ्यालगत कॉफी वेचायचे. तिथल्या माश्या चावून अंगात जंत शिरले आणि ऐन चाळिशीत दोन्ही डोळे गेले. लेक त्याच माश्यांमध्ये दिवस घालवते, हे त्यांना खुपायचं.

एका संध्याकाळी ती मक्याचं पीठ मळत असताना चुलीपाशी बसलेला म्हातारा एकाएकी म्हणाला, "कशी दिसते गं ती? मला नीट कधी दिसलीच नाही. तिळाएवढा ठिपका नुसता."

एर्मेलिंदाचे हात थांबले. मग तिनं पिठाचा चांगला मुठीएवढा गोळा घेतला, त्याची माशी केली आणि बापाची बोटं त्यावर ठेवली.

"हे कुबड. इथं पाठ नारिंगी असली, की समजायचं, हीच ती."

"आणि ही माळ कसली?"

"मिशा. आखूड, मण्यामण्यांच्या. हे डोळे. मधे फट लागते ना? म्हणजे मादी. नराचे डोळे एकमेकांना चिकटलेले. तो चावत नाही."

"गरीब बिचारा."

"तुमच्यासारखा!"

"तुझ्या आईला विचारायला हवं होतं."

दोघं हसली. म्हाताऱ्याची बोटं मात्र डोळ्यांवरून हलेनात. "केवढे मोठे दिलेत गं देवानं हिला," तो पुटपुटला.

पिठानं भरलेला हात तिनं त्याच्या हातावर ठेवला.

मग तो म्हणाला, "टाक तव्यावर."

"बाबा!"

"टाक म्हणतो ना. मीठ लाव जरा."

खरपूस भाजलेल्या माशीचे पंख त्यानं आधी मोडून खाल्ले. कुबड लेकीला दिलं.

त्यानंतर ती कामावरून आली, की तो विचारायचा, "आज कोण कोण आलं होतं?" आणि पुढच्या उन्हाळ्यात, गावातून तो डोळ्यांचा रोग हटल्याचं जाहीर झाल्यावर, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तो कित्येक वर्षांनी ओढ्यावर गेला. चपला काढून त्यानं पाय पाण्यात सोडले आणि म्हणाला, "अजून तसंच गार आहे गं."