आमच्या सोसायटीचा पहिला रोटर

आमचे मालक उत्तरेश्वर साखर कारखान्यात टर्बाइनचे फिटर होते. टर्बाइन वाफेवर फिरतं अन् अख्ख्या कारखान्याला वीज देतं. सलग दोन वर्षं दुष्काळ पडला, ऊस संपला, कारखाना बंद. ह्ये काय घरी बसणारे? चार फिटर जमवले, माजलगावच्या रस्त्याला पत्र्याचं शेड ठोकलं अन् टर्बाइन दुरुस्तीची सहकारी सोसायटी काढली. लोकं हसायचे. "पुण्याची कामं इथं करतो का बे?" मी मनात म्हनायची, हसा लेकाहो, हसा.

तिसऱ्या साली पाऊस झाला, थोडका ऊस उभा राहिला. उत्तरेश्वरच्या चेअरमन मोहनरावांनी भीतभीतच त्यांचा रोटर आमच्याकडं धाडला. रोटर म्हंजी टर्बाइनच्या पोटातला फिरता दांडा, त्याच्यावर पात्यांच्या रांगा. एका अंगाला जरा जरी जड झाला, तरी सगळं यंत्र थरथरतं. ह्येंनी दीड महिना राबून त्याचा तोल साधला. निघायच्या दिवशी म्या पूजा केली. हळद-कुंकू लावलं, वर पात्यांच्या खोबणीत गुळाचा खडा दाबून बसवला. पहिलं काम, तोंड गोड नको का करायला? कारखान्यावर रोटर तसाच बसवला. देवाचं काढणार कोण?

चाचणीला टर्बाइन असं हादरलं, की पायाखालची फरशी थरथरली. चाचणीला आलेले पुण्याचे इंजिनियर म्हनले, "रोटर वाकलाय. पुण्याला पाठवा." पुण्याला म्हंजी दोन महिने. तवर उभा ऊस वाळनार, तोडीला आलेली माणसं परत जानार अन् आमच्या सोसायटीला कुलूप. ह्येंनी हात जोडून एक दिवस मागून घेतला.

दुपारी मी भाकरी घेऊन गेले. टर्बाइनचं झाकण उघडलेलं. दांडा मोजला तर सरळ, अन् ह्ये डोकं धरून बसलेले. म्या वाकून पात्यांच्या खोबणीत बघितलं.

"अगं बाई! अवो, ह्यो तर माझा गूळ!"

वाफेनं भाजून पार कोळसा झालता, पात्याला घट्ट चिकटलेला. ह्येंनी तो खरवडून काढला. तेवढ्यात मोहनराव अन् ते इंजिनियर आले.

"चूक माझी हाय, साहेब," ह्ये म्हनले.

"खोटं कावून बोलता?" म्या ह्येंना मधीच टोकलं अन् मोहनरावांकडं वळले. "गूळ म्या लावलता. ह्येंनी बघितला न्हाई, तुमच्या माणसांनी काढला न्हाई. आता भांडत बसायचं का चालू करायचं?"

"गूळ?" इंजिनियर खो-खो हसाया लागले. माझं टाळकंच सरकलं. "आधी फिरवून बघा, मग हसा!"

झाकण बसवलं, वाफ सोडली. ह्येंनी टर्बाइनवर रुपयाचं नाणं उभं ठेवलं. वेग चढत गेला. पूर्ण वेग लागला, तरी नाणं उभंच! भोंगा वाजला, बाहेर तोडकऱ्यांनी एकच कल्ला केला, अन् मी आपली रडतीय बी, हसतीय बी.

मोहनराव म्हनले, "वहिनी, आमचा दुसरा रोटरबी तुमच्याकडंच."

तवापासून सोसायटीचा नियम हाय. पूजा रोटर धाडायच्या पेटीची, रोटरची न्हाई. अन् पेटी बंद व्हायच्या आधी मी पातं न् पातं हातानं चाचपते. तपासणीच्या कागदावर वर ह्येंची सही, खाली माझी. एकशेचाळीस रोटर गेले, एकबी बिघडून परत आला न्हाई. आता कारखानेवाले आधी खालची सही बघतात, मगच पेटी उतरवून घेतात.