टाचेखालचा अंगठा

गुत्तेदारानं जोड्याची टाच माझ्या बापाच्या अंगठ्यावर ठिवली आन दाबली.

कागद अंगणात, शेणाच्या सारवणावर. बाप उकिडवा बसलेला. अंगठ्याला शाई. जनमभर अंबाडीचे दोर वळून अंगठा घासून गुळगुळीत झालेला, ठसा उमटंना. तसा गुत्तेदार एक पायरी उतरला, नाक धरलं, आन टाचंनं ठसा उठवला. हात लावला तर बाटतो म्हणं. जोडा लावला तर न्हाई बाटत!

"आरं, हात हाय का मेलेलं ढोर? काय वास मारतुया!"

पायरीवर बसलेले हासले. बापबी हासला. त्येच माझ्या काळजात घुसलं.

वास मारणारच. अंबाडी डबक्यात सडवल्याबिगर वाक, दोराचा धागा, सुटत न्हाई. गुडघाभर सडक्या पाण्यात उभं ऱ्हायचं, सोलायचं, धुवायचं, मग वळायचं. त्यो वास जेवताना हातातनं घासात येतो. आमी मांग, आमाला त्येची सवय. पर ह्या गुत्तेदाराची मोट आमच्याच दोरावर चालायची. ह्येचा बाप मेला तवा तिरडी आमच्याच दोरानं आवळली. तवा न्हाई कुणी नाक धरलं.

निजामाचं राज होतं. तुळजापूरच्या कचेरीला सायबाच्या तंबूंसाठी दोर लागायचे. गुत्ता, म्हंजे ठेका, ह्येचा, दोर आमचे. मालासंगं बिल द्यावं लागायचं, उर्दूत. माल कुणी केला, मजुरी काय दिली, आन खाली माल करणाऱ्याचा अंगठा. गावच्या कुणब्यांना वरीसभर दोर पुरवायचे आन खळ्यावर धान्य घ्यायचं, ते बलुतं. ह्ये काम सरकारचं. त्येचा बलुत्याशी काय संबंध? तरी त्या भाड्यानं मजुरीच्या जागी काय लिवलं, ते त्येनंच मिशीत हासत वाचून दावलं, "मजुरी बलुत्यात पावली."

बाप म्हणला, "व्हय मालक."

मग गुत्तेदारानं गड्याकडनं कागद घटकाभर उन्हात धरवला. विटाळ जायला. घडी केली आन शेरवानीच्या आतल्या खिशात घातली, छातीपाशी. माझ्या बापाचा अंगठा त्येच्या छातीपाशी आन बाप पायरीच्या खाली.

घराकडं येताना बाप हळूच म्हणला, "मालकाच्या जोड्याला वास लागला आसंल रं."

मला वकारी आली. खरंच आली, वाटंच्या कडंला बसून वकलो. त्या गुत्तेदाराची किळस आली. बापाची आली. सगळ्यात जास्त माझी आली. लगीन झालेला बाप्या म्या, हात बांधून बघत हुबा ऱ्हायलो. थू!

तामलवाडीच्या बाजारात एक शिंपी चाचा बसायचे. उर्दू लिवता येतं म्हणून लोक त्येंच्याकडं अर्ज लिवून घ्यायचे. म्या गेलो आन सवयीनं खाली धुळीत बसलो. चाचा मशीन थांबवून म्हणले, "नीचे कायकू बैठा रे? उप्पर आ." म्या सतरंजीच्या कडंला टेकलो. आंग चोरून. त्या सतरंजीवर बाजाराच्या बाजाराला बसून म्या अक्षरं शिकलो. बिल कसं करायचं तेबी शिकलो.

पुढच्या सालचे दोर झाले. म्या बिल केलं. माल: तंबूचे दोर. करणार: माझ्या बापाचं नाव, गावानं कधीच पुरतं न उच्चारलेलं, आज्याच्या नावासकट. मजुरी: रोख. बलुत्यात न्हाई. खाली अंगठ्याच्या जागी माझी सही.

दोर खांद्यावर घिऊन अंगणात गेलो. कागद पुढं केला.

"ठिव खाली," गुत्तेदार म्हणला.

"खाली न्हाई ठिवणार. हातात घ्या."

गुत्तेदाराचं तोंड लालभडक. पर दोर पायजे होते, कचेरीची गाडी दारात जुपलेली. जरा घुटमळला, मग घरात आवाज दिला. गड्यानं चुलीतला चिमटा आणून दिला. चिमटा! इंगळ धरायचा चिमटा माझ्या कागदाम्होरं धरला त्येनं.

म्या कागद मागं घेतला. "चिमट्यात न्हाई देत."

"बलुतं बंद करीन. उपाशी मरचाल."

"करा."

बाप पळत आला, पटका सोडून त्येच्या पायरीवर टाकला. "लेकरू हाय मालक, माफी करा." म्या पटका उचलला, बापाच्या हातात दिला आन दोर घिऊन चालू लागलो. बापानं वाटंभर शिव्या दिल्या. आमचं बलुतं त्याच सुगीला बंद झालं. त्येच्या सांगण्यावरनं कुण्या खळ्यावर आमाला हुबं केलं न्हाई. बायकूनं मिठासंगं पाला शिजवला. बाप माझ्याशी बोलंना.

म्या नाका वलांडून सोलापूरला दोर नेले. इंग्रजाची हद्द. तिथं आसलं नसंल, आसं वाटलं व्हतं. दुकानदारानं दोर ताणून बघितले, मान हालवली, मग इचारलं, "कुठला? कोण?" म्या सांगितलं. सांगताना मान खाली घातली न्हाई. बिल पुढं केलं.

"ठेव तिथं खाली," त्यो म्हणला.

म्या दोर परत खांद्यावर घातले आन म्होरच्या दुकानात गेलो. तिथंबी तेच म्हणले तर त्येच्या म्होरच्या. न्हाईच भेटला हातात घेणारा, तर दोर माझ्या खांद्यावर आन पोट पाठीला. पर माझं बिल जमिनीवर पडणार न्हाई.