सतरंजीची चार टोकं

भाचीला आणायला शाळेच्या हॉलमध्ये गेलो, तेव्हा तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिराचा शेवटचा तास चालू होता. कोट घातलेले एक प्रशिक्षक माईकवरून मुलांना बजावत होते, "शेजारी बसलाय तो मित्र नाही, स्पर्धक आहे. त्याला मागे टाकाल तरच पुढे जाल." मुलं माना डोलवत होती. आठवी-नववीतल्या पोरांना एकमेकांचा संशय घ्यायला शिकवायचं, त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचं आणि वर आम्ही मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

मग एका मुलाच्या खांद्यावर 'उत्कृष्ट नेता' असा चकचकीत पट्टा चढला. सर त्याच्याबरोबर फोटो काढून घेऊ लागले, बाकीची मुलं उठून दाराकडे निघाली. दारातून शिपाईमावशींनी विचारलं, "सतरंजी कोण उचलतंय?"

नेता निवडायच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झालेल्या चार मुली मागे वळल्या. त्यांत माझी भाचीही होती. सतरंजी हॉलभर पसरलेली, जुनी, जड. एकट्याने ओढली तर तिचा नुसता बोळा होतो. चौघींनी चार टोकं धरली, एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच ताण दिला. कुणी हुकूम सोडला नाही, कुणी पुढे गेलं नाही. एवढी साधी गोष्ट त्या कोटाला तीन दिवसांत शिकवता आली नव्हती. त्याला ती येत असेल, असंही मला वाटत नाही.

सतरंजी मात्र मधेच अडली. सर आणि त्यांचा नेता बूट घालून तिच्यावरच उभे होते, कॅमेऱ्याकडे बघून हसत.

"सर," भाची शांतपणे म्हणाली, "जरा बाजूला व्हा. आम्हाला काम आहे."