उरलेला पेला आणि गोल खिडकी

वादळात प्रार्थनाघराची गोल खिडकी फुटली तेव्हा सगळे हळहळले, आणि काचेचं दुकान चालवणारे काचभाऊ मात्र खाली मान घालून उभे राहिले. मिठीत मावेल एवढी ती फिकट पिवळी काच त्यांच्या वडिलांनी कापून बसवली होती. प्रार्थनेच्या वेळी तिचा उजेड पहिल्या रांगेतल्या डोक्यांवर उतरायचा. आता तिथं प्लायवूड ठोकलं होतं. त्याच पहिल्या रांगेत काचभाऊंची थोरली बहीण बसायची. तिला सगळे ताई म्हणत.

"बाहेरचा कारागीर बोलवू या का?" व्यवस्थापकांनी भीतभीत विचारलं.

"का? माझा भाऊ मेलाय का?" ताई कडाडली.

भाऊ मेले नव्हते, पण त्यांच्या हाताचा नेम गेला होता. काच कापताना कटर एकदाच फिरवायचं असतं. रेघ मनासारखी आली नाही म्हणून तिच्यावरून पुन्हा कटर फिरवलं, तर काच भलतीकडेच तडकते. आणि भाऊंच्या हातातला सकाळचा चहा निम्मा बशीत असायचा. दुकानात ते नुसते आरसे पुसायचे, नाहीतर चौकटींच्या फटींत लांबीची पुट्टी भरत बसायचे. दिवस कलला की पाय आपोआप बाटलीकडे वळायचे. दारूपायी कुणाला कधी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. माणूस देवाचा, पण संध्याकाळनंतर देवालाही सापडत नसे.

खिडकीसाठी म्हणून ताईनं त्यांना देवापुढं उभं केलं. "ठेव हात. आजपासून थेंब नाही."

भाऊंनी हात ठेवला, तोही अगदी खऱ्या मनानं. दुसऱ्या दिवशी घामानं अंथरूण भिजलं. तिसऱ्या दिवशी ते नसलेल्या मुंग्या अंगावरून झटकायला लागले, सर्वांगाला कापरं भरलं, आणि बायकोनं त्यांना उचलून दवाखान्यात नेलं.

"इतकी वर्षं पिणाऱ्याला एकदम बंद करायला कुणी सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "जिवावर बेततं असं!"

बरोबर आलेल्या ताईनं छताकडं पाहिलं. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

भाऊ त्यातून उठले, घरी आले, आणि थोड्याच दिवसांत ये रे माझ्या मागल्या. बायको त्यांना घेऊन पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढं बसली. या वेळी बाईंनी रक्त तपासलं, यकृत तपासलं आणि एक गोळी लिहून दिली.

"प्यावंसं वाटलं की आधी ही घ्यायची. मग तासभर थांबायचं, आणि मग प्यायचं. गोळीशिवाय एक घोटही नाही."

"म्हणजे प्यायची?" बायको दचकली.

"प्यायची. पण तिच्यातली मजा ही गोळी खाऊन टाकेल. मजा गेली की मन आपोआप हात आखडतं. वेळ लागेल. घाई करू नका, आणि अधूनमधून मला दाखवत राहा."

ताईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! दारू सोडवायला दारू? उद्या म्हणतील, आग लागली तर फुंकर घाला!"

बोलण्यात भाऊ कधी ताईला पुरे पडले नव्हते. पण हा विषय त्यांच्या धंद्यातला निघाला.

"ताई, गोल काच कशी कापतात गं?"

"मला काय माहीत! बाबा कापायचे."

"गोल रेघ मारली म्हणून काच एका झटक्यात गोल निघत नाही. ओढशील तर मधूनच चिरते. बाहेरच्या बाजूला आडव्या रेघा मारायच्या आणि पकडीनं एकेक तुकडा काढत आत यायचं. तू मला झटक्यात ओढलंस. मी चिरलो."

ताई पदर सावरून उठली. जाताना उंबऱ्यावरून म्हणाली, "तोंड चालायला लागलंय. आता हात चालू दे."

मग सुरू झाली ती गोळीची संध्याकाळ. बायको देवापुढं दिवा लावायची, गोळी आणि पाणी ठेवायची, आणि म्हणायची, "देवा, बाटलीला तुझ्यासमोर आणते, रागावू नकोस. औषधाचं पथ्य आहे." सुरुवातीला भाऊ पहिल्याइतकंच प्यायले. चेहरा मात्र मीठ विसरलेलं जेवण जेवल्यासारखा.

"कसं लागतंय?" बायकोनं विचारलं.

"परक्याच्या लग्नात बसल्यासारखं," भाऊ म्हणाले. "सगळे नाचतायत आणि मी चपला सांभाळतोय."

हळूहळू ते उशिरा प्यायला बसू लागले, मग अधूनमधून बसेनासे झाले. मध्ये एकदा गोळी न घेता मित्राकडं प्यायले, आणि मजा अशी धावत आली की ते स्वतःच घाबरले. घरी येऊन बायकोला आपणहून सांगितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि तेव्हापासून एक गोळी खिशात ठेवू लागले. चहा बशीत कमी आणि कपात जास्त राहायला लागला.

एका सकाळी बायको घरातल्या खिडकीचा कट्टा पुसत होती. तिथं पेला होता. पेल्यात अर्धी दारू, आणि दारूत पोहून दमलेली एक मुंगी.

"अहो! इकडं या! हे काय?"

भाऊ डोळे चोळत आले. पेल्याकडं बघत राहिले. "राहिली वाटतं."

"राहिली? या घरात दारू राहिली?" बायको मटकन खाली बसली आणि हसत सुटली, हसता हसता रडायलाही लागली. "वन्सं! ओ वन्सं!" तिनं थेट गल्लीतून हाक मारली. ताई ओल्या हातांनी धावत आली, तिनं पेला बघितला, मुंगी बघितली. "बिचारी," एवढंच म्हणाली. ते मुंगीला की भावाला, कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात भाऊंनी वडिलांची लाकडी पट्टी काढली. तिच्या एका टोकाला कटर बसायचं, दुसरं टोक काचेच्या मध्यावर दाबून धरायचं. प्रार्थनाघराच्या फरशीवर घोंगडी अंथरून पिवळी काच ठेवली. व्यवस्थापक दारात उभे होते. ताईनं मध्य दाबून धरला. "हलली तर तुझी चूक," भाऊ म्हणाले. "लहानपणापासून माझीच असते," ताई म्हणाली.

कटर फिरलं. बारीक, सलग, कापड फाटताना होतो तसा आवाज. रेघ जिथून निघाली, तिथं अचूक येऊन मिळाली. मग आडव्या रेघा, मग पकड, आणि बाहेरची काच तुकड्या-तुकड्यानं निखळत गेली. शेवटी फरशीवर उरला एक पूर्ण, नितळ, पिवळा गोल.

भाऊंनी हात पुढं धरला, बोटं पसरली आणि स्वतःच बघत राहिले. बोटं स्थिर होती.

दुपारपर्यंत काच बसली, लांबी भरली. उजेड खाली उतरला आणि पहिल्या रांगेच्या रिकाम्या बाकावर येऊन बसला. ताई त्या उजेडात हात जोडून उभी राहिली. मग तिनं भाऊंना बाजूला घेतलं आणि पाण्याचा पेला पुढं केला.

"आज मोठा दिवस आहे. संध्याकाळी प्यावंसं वाटेल तुला. आधी गोळी घे. विसरू नकोस."

भाऊंनी खिशातली गोळी काढून दाखवली, परत खिशात ठेवली, आणि पाणी गटागटा पिऊन टाकलं.

"असू दे खिशात. आज प्यायचंच नाहीये, ताई. तहान लागली होती, तेवढीच."