नऊ दिवस लपवलेलं बोट

त्रिपुरसुंदरी मॅडमना आमची अख्खी बॅच घाबरायची. मी जरा जास्तच, कारण त्या आमच्याच, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी लोकांतल्या. वर्गात त्या तमिळमध्ये बोलत, पण मला एकटीला गाठलं की घरातली जुनी मराठी काढत, आणि त्या मराठीत बसलेला ओरडा आईने दिल्यासारखा आत जायचा.

कुंभकोणमच्या एका नर्सिंग कॉलेजात त्या सार्वजनिक आरोग्य शिकवायच्या. वय त्रेपन्न. लग्न केलेलं नाही, भाऊ रघुराम आणि त्याच्या कुटुंबाबरोबर राहत. दर मंगळवारी त्या आम्हा सहा जणींना चोळपुरमजवळच्या एका गावात सर्वेक्षणाला न्यायच्या. तापाचे रोगी, साठवलेलं पाणी, गरोदर बायका, सगळं घरोघरी जाऊन विचारायचं. त्यांचे नियम ठरलेले होते. पायात बंद बूट. पाणी घरून आणलेलं. कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही. एकदा सुष्मिता चपला घालून आली, तर तिला त्यांनी दिवसभर कॉलेजच्या गाडीत बसवून ठेवलं आणि तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

म्हणून मी ते सांगितलं नाही.

गावातल्या अंगणवाडीच्या पायरीवर एक तांबडं पिल्लू झोपलेलं असायचं. त्या मंगळवारी मी त्याला उचललं. उगीच, गोड दिसलं म्हणून. त्याने मान फिरवली आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटाला दात लावला. रक्ताचा एक ठिपका आला. मी बाटलीतलं पाणी ओतलं, बोट ओढणीत गुंडाळलं आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

रेबीजच्या धड्यात मला सगळ्यांत जास्त गुण होते. पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग त्याच दिवशी इंजेक्शन, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं. तरी मी गप्प बसले. आज नको, उद्या जाऊ, असं करत चार दिवस गेले. मग जखम भरली आणि इतके दिवस का लपवलंस या प्रश्नाचीच भीती वाटायला लागली.

नवव्या दिवशी तास चालू असताना मॅडमना फोन आला. गावच्या आरोग्यसेविकेचा होता. मॅडम खिडकीशी जाऊन बोलल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"अंगणवाडीजवळचं पिल्लू काल मेलं," त्या म्हणाल्या. "तोंडाला फेस होता. मरायच्या आधी दोन कोंबड्यांना चावलं. जनावरांचे डॉक्टर रेबीज म्हणतात. तुमच्यापैकी कोणी त्याला हात लावला होता?"

कोणीच बोललं नाही. मीसुद्धा. मी बोट वहीखाली सरकवलं.

मॅडम खुर्चीत बसल्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आजवर कुठल्याच बॅचला सांगितली नव्हती. त्या बावीस वर्षांच्या असताना वॉर्डात कुत्रं चावलेला एक सुतार दाखल झाला होता. त्याला तहान लागली होती. त्यांनी पेला ओठांशी नेला आणि त्याचा गळा असा आवळला गेला की पेला भिंतीवर जाऊन आपटला. तो पूर्ण शुद्धीवर होता. हात जोडून पाणी मागत होता आणि पाणी दिसलं की किंचाळत होता. दोन दिवसांनी गेला. "मला अजून त्याचा आवाज ऐकू येतो," मॅडम म्हणाल्या आणि तास तिथेच संपवला.

मी त्यांच्या मागोमाग गेले. बोट पुढे केलं.

त्या ओरडल्या नाहीत. तेच जास्त भयंकर होतं. त्यांनी माझं मनगट धरलं, नळाखाली नेलं आणि भरून गेलेल्या जखमेवर साबण चोळत राहिल्या.

"किती दिवस?"

"नऊ."

"मज सांगितली नाहीस कां, पवित्रा?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

त्यांनी नळ बंद केला आणि रिक्षा बोलावली. सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झाला असला तरी लस द्यायचीच. बोटाच्या चावलेल्या जागेत त्यांनी विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिद्रव्याची सुई घातली. बोटात औषधाला जागाच नसते. मी ओठ चावून रडले. मॅडमनी माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं होतं. पुढची इंजेक्शनं तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

बाहेर बाकावर बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुज सगळं येतं, तरी माझ्या भीतीने लपवलीस. त्या गावातल्या पोरांस तर काहीच येत नाही. त्यांनी किती लपवलं असेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाही जणी त्यांच्याबरोबर गावात होतो. आया म्हणाल्या, आमच्या मुलांना काही झालेलं नाही. मुलं आयांच्या मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं.

मी अंगणवाडीत मुलांमध्ये खाली बसले आणि सुजलेलं बोट दाखवलं. "मला ते पिल्लू चावलं होतं," मी सांगितलं. "मी टीचरना सांगितलं नाही. आता मला रात्रंदिवस भीती वाटते. काल सांगितलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत."

मग एका मुलीने परकर वर करून पोटरीवरचा ओरखडा दाखवला. दुसऱ्याने कोपर पुढे केलं. बघता बघता सात जण झाले. एका आईने लेकाला मारायला हात उचलला, तर मॅडम मध्ये उभ्या राहिल्या. "आज कोणी कोणाला मारायचं नाही," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "जो सांगेल तो जगेल."

तेवढ्यात पोटरीवाली मुलगी म्हणाली, "भवानीला गालावर चावलंय."

भवानी सहा वर्षांची. गालाची जखम मेंदूच्या जवळची; तिथे हातात दिवस कमी असतात. तिची आई बाजूच्या शेतात मजुरीला होती. तिने सांगितलं, पोरगी चार दिवसांपूर्वी आजीकडे आडुतुरैला गेली. गालावर खरचटलं होतं, खेळताना पडले म्हणाली होती. आजीचा फोन लागत नव्हता.

सुष्मिता आणि बाकीच्या जणी सात मुलांना घेऊन रुग्णालयात गेल्या. मॅडम, भवानीची आई आणि मी आडुतुरैच्या बसमध्ये चढलो. आई वाटेत सारखी विचारत होती, "काही होणार नाही ना?" मी शिकलेले सगळे आकडे मला येत होते आणि त्यातला एकही तिला सांगण्यासारखा नव्हता.

आजीच्या घरी भवानी चटईवर पडलेली होती. अंग तापलेलं. आजी म्हणाली, "सकाळपासून घशात दुखतंय म्हणते. काही गिळत नाही."

मॅडम दारातच थांबल्या. त्यांचा हात चौकटीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. मला कळत होतं त्या कोणाला बघत आहेत.

मग त्या आत गेल्या. मडक्यातून पेलाभर पाणी घेतलं आणि मुलीजवळ बसल्या. "कण्णा, एक घोट घे," त्या तमिळमध्ये लाडाने म्हणाल्या. भवानीने पेल्याकडे पाहिलं. मान फिरवली. आई मागे तोंडात पदर कोंबून उभी होती.

"कडू औषध आहे?" भवानीने विचारलं.

"नाही गं. नुसतं पाणी."

ती उठून बसली, पेला दोन्ही हातांनी धरला, पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं आणि मग सगळं पाणी पिऊन टाकलं. "दुखतं," म्हणाली, "अजून द्या."

मॅडमनी भिंतीला डोकं टेकवलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

घसा साधाच सुजला होता. त्या संध्याकाळी भवानीच्या गालात औषध आणि दंडावर लस गेली. पिल्लाचा अहवाल आठवड्याने आला: रेबीजच. त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगता येत नाही. बोटाला मुंगी चावली तरी मी दचकायचे. मॅडम दर मंगळवारी आठही मुलांच्या घरी जायच्या, ताप आहे का विचारायच्या, आणि परतताना माझ्याही कपाळाला हात लावून बघायच्या.

आम्ही सगळे वाचलो. भवानी आता तिसरीत आहे. गालावर फिकट खूण आहे. मी चोळपुरमच्या पलीकडे एका गावात आरोग्यसेविका आहे. मॅडम अजून शिकवतात आणि नियमही तेच आहेत. फक्त आता प्रत्येक मंगळवारी गाडी निघायच्या आधी त्या मुलींना विचारतात, "मागच्या वेळी काय चुकलं, सांगा," आणि कोणी बोलेपर्यंत गाडी सोडत नाहीत.